व्हॉलंटिअर रायफल्स ते प्रादेशिक सेना : आपल्या मुलखातील नागरिक-सैनिकाची कथा

(महोत्सवी सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या महोत्सवात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीससाहेबांनी मला केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी इतिहास शिकविणारा शाळामास्तर. घरी उर्दू, वर्गात हिंदी आणि शेजारीपाजारी मराठी, अशा तीन भाषांत माझा दिवस जातो. आपल्या या सरहद्दीवरील मुलखाचा इतिहास कोणत्याच एका प्रांताच्या पुस्तकात पुरता सापडत नाही. तो थोडा नागपूरच्या पुस्तकात असतो, थोडा खानदेशच्या आणि थोडा निमाडच्या. त्यातलेच एक विखुरलेले प्रकरण आज आपल्यापुढे जुळवून मांडावे असे मनात आहे. ते प्रकरण म्हणजे प्रादेशिक सेना, म्हणजेच टेरिटोरियल आर्मी, आणि तिच्या आधी या देशात होऊन गेलेल्या व्हॉलंटिअर पलटणी.

प्रथम प्रादेशिक सेना म्हणजे काय ते सांगतो. ही आपल्या सैन्याचीच एक राखीव शाखा आहे. तिच्यातला शिपाई अथवा अधिकारी एरव्ही आपला पोटापाण्याचा उद्योग करतो. कोणी दुकानदार असतो, कोणी कारकून, कोणी शेतकरी, तर कोणी रेल्वेत. वर्षाकाठी साधारण दोन महिने तो गणवेश चढवून कवायत आणि चांदमारी करतो. देशावर प्रसंग आला म्हणजे सरकारचे बोलावणे येते, आणि त्या काळापुरता तो नियमित सैनिकाच्या बरोबरीने कामाला लागतो. प्रसंग सरला की पुन्हा आपल्या गल्ल्यावर, आपल्या शेतावर. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी उभारलेली ही सेना आहे, आणि म्हणूनच एका धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावर तिची कथा सांगणे मला विजोड वाटत नाही.

ही कथा आपल्या गावाच्या दारातून जाणाऱ्या रुळांवरच सुरू होते. मुंबईहून भुसावळ, बऱ्हाणपूर, खांडवा असा जाणारा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी. आय. पी. रेल्वे कंपनीने टाकला. १८७० च्या मार्च महिन्यात जबलपूर येथे तो कलकत्त्याकडून आलेल्या मार्गाला मिळाला, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन बंदरे लोखंडाने जोडली गेली. त्या काळी येथे नेपानगर नव्हते, कारखाना नव्हता. सलई, सागवान आणि बांबूचे रान होते आणि त्यातून आगगाडी जात होती. परंतु राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हा रूळ केवळ कापूस वाहून नेण्याचे साधन नव्हता. १८५७ च्या उठावाची आठवण ताजी होती. पुन्हा तसे काही घडले तर फौज या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणारी वाट हीच, आणि ती राखलीच पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात पक्का होता.

म्हणून युरोपियन आणि अँग्लो-इंडियन रहिवाशांच्या हौशी पलटणी देशभर उभ्या राहू लागल्या. १८६९ साली त्यांच्यासाठी इंडियन व्हॉलंटिअर्स अ‍ॅक्ट हा कायदा झाला. शहरांत शहरांच्या पलटणी निघाल्या, चहामळ्यांच्या मुलखात मळेवाल्यांच्या निघाल्या आणि रेल्वेमार्गांवर रेल्वेच्या निघाल्या. आपला निमाड जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर. तेथे नागपूर व्हॉलंटिअर रायफल्स होती. आपल्या रुळांवर जी. आय. पी. रेल्वे व्हॉलंटिअर रायफल्स होती. भुसावळसारख्या मोठ्या ठाण्यांतील ड्रायव्हर, गार्ड आणि फोरमन मंडळी त्यांत असत. पुष्कळ रेल्वे कंपन्यांत तर गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नोकरांना अशा पलटणीत नाव घालणे हा नोकरीचाच एक भाग समजला जाई.

आता त्याच स्थानकावरचे दुसरे लोक पाहा. सांधेवाला हिंदी, खलाशी हिंदी, रूळ तपासणारा गँगमन हिंदी, इंजिनात कोळसा घालणाराही बहुधा हिंदीच. यांच्या घामावर गाडी चालत होती. परंतु गाडीच्या रक्षणासाठी जी बंदूक स्टेशनात ठेवलेली असे, तिला हात लावण्याचा अधिकार यांना नव्हता. एकदा हिंदी ठरला की दार बहुधा बंदच. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला, तेव्हा हे दार अधिकच घट्ट लागले. हिंदी माणसाला हत्यार बाळगण्यास परवाना लागू लागला, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली.

मंडळी, या गोष्टीचा सल आपल्या पूर्वजांच्या मनाला किती खोल लागला होता हे आज आपल्या सहज ध्यानात येत नाही. १८८५ साली अफगाण सरहद्दीवर पंजदेह येथे रशियन फौजेने चकमक केली आणि हिंदुस्थानवर स्वारी होणार अशी आवई उठली. त्या वेळी अनेक शहरांतील सुशिक्षित हिंदी लोकांनी आपण होऊन सरकारला कळविले की, आम्हांस व्हॉलंटिअर म्हणून घ्या, आम्ही देशाच्या रक्षणास उभे राहतो. सरकारने ती मागणी मान्य केली नाही. १८८६ च्या डिसेंबरात कलकत्त्यास दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे दुसरे अधिवेशन भरले. हिंदी लोकांना व्हॉलंटिअर पलटणीत प्रवेश द्यावा असा ठराव तेथे झाला, आणि काला कांकरचे राजा रामपालसिंह त्यावर मोठ्या त्वेषाने बोलले. पुढच्याच वर्षी मद्रासला मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष होते. तेथेही ही मागणी पुन्हा करण्यात आली. एक पारशी अध्यक्ष, एक रजपूत वक्ता, एक मुसलमान अध्यक्ष. आणि मागणी एकच. ही मंडळी बंदुकीची हौस म्हणून भांडत नव्हती. ज्या घराचे रक्षण करण्यास आपण लायक नाही असे कोणी ठरविले, त्या घरात आपण फार तर भाडेकरू ठरतो, हे त्यांनी ओळखले होते.

तीस वर्षे हे दार उघडले नाही. पहिले महायुद्ध आले, विलायतेतून माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा १९१७ साली इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा करण्यात आला. जुन्या व्हॉलंटिअर पलटणी त्यात सामील झाल्या. युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर सेवा सक्तीची झाली आणि हिंदी लोकांसाठी प्रथमच ऐच्छिक असा विभाग निघाला, पण वेगळा. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या तुकड्याही तेव्हा उभ्या राहिल्या. कलकत्त्याच्या अशा विद्यार्थी तुकडीत सुभाषचंद्र बोस नावाचा एक तरुण कवायत शिकला. पुढे त्याने काय केले ते मी सांगावयास नको.

महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांनी तरुणांना या संधीचा लाभ घ्या असे सांगितले. त्यांची भूमिका सरळ होती. स्वराज्य मागणाऱ्याने स्वसंरक्षणाची विद्या हस्तगत केलीच पाहिजे, मात्र ती बरोबरीच्या मानाने. १९१८ च्या जूनमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईत युद्धपरिषद बोलाविली. तेथे टिळक स्वराज्याचा मुद्दा काढताच त्यांना मध्येच अडविण्यात आले, आणि ते सभागृह सोडून निघून गेले. पुढे त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठविला. हिंदी लोकांना अधिकारपदाच्या सनदा मिळतील असे वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो. न दिली तर ही रक्कम दंड समजा, असा तो पणच होता. गांधीजींनी पैसे परत केले. तो पण लागला नाही. पण त्यातले मर्म ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पाच हजार शिपाई देण्याची तयारी होती; अडत होते ते फक्त एका वचनापाशी, विश्वासापाशी.

महायुद्ध संपल्यावर १९२० साली सरकारने दोन कायदे केले. एकाने ऑक्झिलरी फोर्स निर्माण झाली. ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांसाठी. दुसऱ्याने इंडियन टेरिटोरियल फोर्स निर्माण झाली. ती हिंदी लोकांसाठी. नागपूरची आणि जी. आय. पी. रेल्वेची जुनी पलटण पहिल्या सेनेत गेली. दोन्ही सेना एकाच देशाच्या, एकाच सरकारच्या. परंतु दर्जा वेगळा, कामाच्या अटी वेगळ्या, अधिकाऱ्यांच्या सनदांची किंमत वेगळी. ऑक्झिलरीवाल्याने आपल्या मुलखातच राहावे, टेरिटोरियलवाल्याने मात्र सरकार धाडील तेथे जावे. एकाच विहिरीवर दोन रहाट बसवावेत तशातला हा प्रकार. हा भेद विधिमंडळात इतका गाजला की लेफ्टनंट जनरल शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. १९२५ च्या सुमारास तिने भेद कमी करण्याच्या सूचना केल्या. काही गोष्टी सुधारल्या. दोन वेगळे दरवाजे मात्र इंग्रजी राज्य संपेपर्यंत राहिले. दुसऱ्या महायुद्धात टेरिटोरियल बटालियनींनी देशात पहारे दिले आणि त्यांपैकी पुष्कळ नियमित सैन्यात मिळविण्यात आल्या.

१९४७ साली स्वातंत्र्य आले आणि ऑक्झिलरी फोर्स इतिहासजमा झाली. १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे रीतसर उद्घाटन केले. म्हणून ९ ऑक्टोबर हा प्रादेशिक सेना दिन. विद्यार्थ्यांच्या जुन्या तुकड्यांच्या जागी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ सालीच एन. सी. सी. आली.

कवायत जुनी, राखीव सैन्याची कल्पना जुनी, रेल्वेवाल्यांची वेगळी तुकडी करण्याची रीतही जुनीच. मग नवे ते काय? माझ्या मते नवे आहे ते कायद्याच्या सहाव्या कलमातले दोन शब्द: कोणतीही व्यक्ती. भारताची नागरिक असलेली कोणतीही व्यक्ती भरतीसाठी आपले नाव पुढे करू शकते. जात नाही, पंथ नाही, रंग नाही. ज्या दारापाशी दादाभाई आणि तय्यबजी उभे होते, ते दार या दोन शब्दांनी उघडले. मी मुसलमान शिक्षक आहे. माझ्या वर्गात राठोड बसतो, पाटील बसतो, अन्सारी बसतो आणि कोरकू आदिवासींचा मुलगाही बसतो. हे कलम शिकविताना मला कोणा एकाकडे पाहून आवाज खाली आणावा लागत नाही. इतिहासाच्या मास्तराला याहून मोठे सुख कोणते?

नागपूरची सीताबर्डीची टेकडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तेथे १८१७ साली भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, आणि पुढे इंग्रजांनी त्या टेकडीवर किल्ला बांधला. स्वतंत्र भारतात त्याच किल्ल्यात प्रादेशिक सेनेच्या ११८ व्या पायदळ बटालियनचा मुक्काम झाला. ही बटालियन ग्रेनेडियर्स रेजिमेंटशी संलग्न आहे. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या रणांगणात पॅटन रणगाडे फोडता फोडता वीरगती पावलेले, परमवीरचक्राचे मानकरी हवालदार अब्दुल हमीद हे याच ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे. ज्या किल्ल्यावरून एकेकाळी आपल्यावर नजर ठेवली जाई, त्या किल्ल्यात आपल्यापैकीच कोणी कारकून, कोणी शेतकरी गणवेशात उभा राहिला, हा फेर लहान नव्हे.

या सेनेने पुढे काय केले? १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तिच्या तुकड्यांनी भाग घेतला. श्रीलंकेतील मोहिमेत आणि १९९९ च्या कारगिल प्रसंगीही ती कामास आली. रेल्वेच्या आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांतूनही तिच्या तुकड्या उभ्या राहिल्या. १९८२ साली डेहराडूनला एक नवलाईची बटालियन निघाली. चुनखडीच्या खाणींनी उघड्या पडलेल्या मसुरीच्या डोंगरांवर झाडे लावणे हे तिचे काम. महाराष्ट्रातही मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी संलग्न अशी पर्यावरण बटालियन २०१७ साली उभी राहिली. सलई आणि बांबूच्या लगद्यावर ज्या गावचा कागद कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला, त्या गावाला झाड लावणाऱ्या सैनिकाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

परंतु इतिहास सांगावयाचा तर सगळी पाने वाचली पाहिजेत. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. त्या वेळी गाड्या चालविण्यासाठी प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्यांना बोलावणे गेले. एकाच चाळीत राहणारे दोन भाऊबंद. एक संपावर, दुसरा गणवेशात इंजिनावर. कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा मी येथे करीत नाही. आपले गाव कामगारांचे आहे. त्या माणसाच्या मनाची ओढाताण आपण ओळखू शकतो. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, नागरिक-सैनिकाला बोलावताना सरकारने दहा वेळा विचार करावा. तो भाडोत्री नाही, तो शेजारी आहे. इंग्रजांची व्हॉलंटिअर पलटण मुख्यतः येथल्या लोकांवर वचक ठेवण्यासाठी होती. आपली सेना लोकांच्या रक्षणासाठी आहे. हा फरक केवळ कागदावर राहून भागत नाही, तो प्रत्येक प्रसंगी पाळावा लागतो.

आणखी एक पान माझ्या भगिनींसाठी. ‘कोणतीही व्यक्ती’ असे कायदा म्हणत असताही बायकांना या सेनेच्या पायदळ तुकड्यांत सत्तर वर्षे प्रवेश नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की, व्यक्ती या शब्दात स्त्री आणि पुरुष दोन्ही आले. १८८६ साली हिंदी पुरुषांना जे दार बंद होते, तेच पुढे हिंदी स्त्रियांना बंद राहिले होते. कायद्याचे शब्द मोठे असतात. ते घराघरांत पोहोचण्यास पुष्कळ वेळ लागतो.

अगदी अलीकडचे सांगावयाचे तर २०२३ साली रेल्वे मंत्रालयाने आपल्या सहा प्रादेशिक रेजिमेंटांपैकी जमालपूरची एक ठेवून बाकीच्या पाच विसर्जित करण्याचे ठरविले. त्या पाचांत जुन्या जी. आय. पी. मार्गावरील झाशीचीही होती. रेल्वेच्या हौशी पलटणींपासून आलेली रीत आपल्या बाजूला अशी मावळली. उलट, मे २०२५ मध्ये सरकारने ३२ पायदळ बटालियनींपैकी १४ बटालियनींना आवश्यकतेप्रमाणे कामावर बोलावण्याचा अधिकार सेनाध्यक्षांना दिला. म्हणजे संस्था जुनी झाली, पण मोडीत निघालेली नाही.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत निकडीचा मुद्दा. आपला कारखाना २०१६ साली दुरुस्तीसाठी बंद पडला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या सहा वर्षांत गावातल्या किती मुलांनी कोणकोणत्या भरतीच्या रांगा धरल्या, हे आपण सर्व जाणता. प्रादेशिक सेनेच्या भरतीची बातमी आली की मुले कर्ज काढूनसुद्धा धावतात. त्यांना कोणी तरी वडीलधाऱ्याने सांगितले पाहिजे की, बाबांनो, ही कायमची नोकरी नव्हे. ज्याला स्वतःचा काही उद्योग आहे अशा १८ ते ४२ वयाच्या नागरिकासाठी ही सेवा आहे. बोलावणे असेल तेव्हाच पगार. एरव्ही आपले पोट आपणच भरावयाचे. आणि भरती करून देतो म्हणून पैसे मागणारा दलाल भेटला, तर तो लबाड समजावा.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. दरवर्षी ९ ऑक्टोबरच्या सुमारास संस्थेच्या वाचनालयात एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी. पंचक्रोशीतील निवृत्त सैनिकांना बोलवावे, भरतीच्या अटी मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवाव्यात, अर्ज भरून द्यावेत, आणि मुलींनाही अगत्याने बोलवावे. खर्च चहापुरता येईल. माझ्या शाळेच्या कामातून वेळ काढून मी अर्ज लिहून देण्यास बसेन, हे वचन या सभेत देतो.

लोकमान्यांनी जे वचन मागितले होते ते आपल्याला संविधानाने दिलेले आहे. ते वाचून दाखविणारा माणूस मात्र प्रत्येक गावात लागतो. ते काम आपली संस्था करील अशी मला खात्री आहे.